ऑपरेशन झाले, तरी डोळा पुन्हा तिरळा?

आपल्या काही सभासदांच्या मुलांची तिरळेपणाची ऑपरेशने झाली आहेत. त्यांपैकी दोघा-तिघांनी गट ऑफिसात आमच्याकडे एकच गाऱ्हाणे मांडले, "पैसे गेले, पोराला भूल दिली, आणि डोळा परत नाकाकडं चाललाच की!" एका घरी तर रागाने पोराचा चष्मा ट्रंकेत टाकला. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

प्रत्येक डोळा फिरवायला ६ स्नायू असतात. बैलाला दोन्ही अंगांनी कासरे, तसेच हे. डोळा आत ओढला जात असेल तर डॉक्टर आतला स्नायू थोडा मागे सरकवून शिवतात, किंवा बाहेरचा आखूड करतात. काम सगळे मिलिमीटरचे. पण कासरा नीट केला तरी हाकणारा मेंदू आहे. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची सवय मेंदूला नसेल, किंवा एक डोळा अधू असेल, तर सरळ केलेला डोळा हळूहळू सरकू शकतो.

बर्लिनचे सर्जन डीफेनबाख यांनी १८३९ साली हे ऑपरेशन यशस्वी केले, तेव्हा स्नायू आरपार कापीत. पुढे कित्येकांचे डोळे उलट, कानाकडे वळले. आता मोजून शिवतात, तरीही काहींना दुसरे ऑपरेशन लागते. लहानपणी सरळ केलेला डोळा मोठेपणी बाहेर गेला, असेही घडते. दर वेळी डॉक्टरचीच चूक असते असे नाही.

सुरुवातीला डोळा लाल असणे, टोचणे, एकाचे दोन दिसणे बहुधा आपोआप कमी होते. डोळा जागेवर बसायला दीड-दोन महिने लागतात. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रोज बॅटरी मारून परीक्षा घेऊ नये!

मात्र डोळा एकदम खूप वळला, एका बाजूला हलेनासा झाला, सूज-ठणका वाढला, पू आला किंवा नजर कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तोडणीची टोळी फडात आहे म्हणून उद्यावर ढकलू नये.

आता चष्म्याचे. प्लस नंबरमुळे ज्याचा डोळा आत वळतो, त्याचा चष्मा ऑपरेशननंतरही बहुधा सुटत नाही. तो काढला की नजरेवर ताण पडून डोळा पुन्हा आत जातो. ऑपरेशनने डोळा सरळ होतो, अधू नजर सुधारत नाही. त्यासाठी डॉक्टर सांगतील तेवढे तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी लागते. पोर रडते, पट्टी ओढून काढते, आईचा जीव मेटाकुटीला येतो, हे आम्ही जाणतो. पण वयाच्या ७-८ वर्षांच्या आत जो गुण येतो, तो पुढे येणे अवघड.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिल्या ऑपरेशनचे कागद बरोबर न्यावेत. कोणता स्नायू किती सरकवला ते त्यावरून कळते. आधीचा एखादा फोटो असला तर तोही घ्यावा. आणि मोठ्या माणसांचे म्हणाल, तर वय झाले म्हणून हे ऑपरेशन होत नाही असे नाही; एकदा तपासून घ्यावे.