घरातला कॅमेरा अलेक्सा किंवा गुगल होमला जोडताय? आधी हे समजून घ्या

जानेवारी २०२० ची गोष्ट. नेदरलँड्समधल्या एका माणसाने शाओमीचा नवा कॅमेरा घेतला आणि तो गुगलच्या नेस्ट हबला, म्हणजे स्क्रीन असलेल्या स्मार्ट स्पीकरला जोडला. आपल्या घरातलं दृश्य बघावं म्हणून त्याने स्क्रीनवर कॅमेरा उघडला, तर तिथे भलत्याच घरांतले फोटो यायला लागले. पाळण्यात झोपलेलं बाळ, खुर्चीत डुलकी घेणारा माणूस, कुणाच्या तरी दारासमोरचा ओटा. त्याने हे सगळं इंटरनेटवर टाकलं आणि खळबळ उडाली.

गुगलने लगेच शाओमीची सगळी उपकरणं आपल्या सिस्टीममधून तात्पुरती तोडून टाकली. शाओमीने माफी मागत कारण सांगितलं: २६ डिसेंबर २०१९ ला व्हिडिओ सुरळीत चालावा म्हणून एक अपडेट केलं होतं, त्यातल्या चुकीमुळे इंटरनेट फारच कमकुवत असलेल्या ठिकाणी हा प्रकार घडला. असा जोड केलेले ग्राहक १,०४४ होते आणि त्यांपैकी मोजक्यांनाच फटका बसला, असंही कंपनीचं म्हणणं होतं. शाओमीच्या स्वतःच्या ॲपमध्ये मात्र ही अडचण नव्हती.

म्हणजे गडबड झाली ती कॅमेरा आणि गुगल यांच्या मधल्या सांध्यात. आज दीड-दोन हजारात वाय-फाय कॅमेरा मिळतो. गावाकडे एकटे राहणारे आई-वडील, बंद फ्लॅट, पाळणाघर, दुकान, अशा कितीतरी कारणांनी तो घेतला जातो. मग पुढची पायरी येते ती त्याला अलेक्सा, गुगल होम किंवा दिवे-कुलपांच्या सिस्टीमला जोडण्याची. हा सांधा नेमका कसा बसतो आणि तो कुठे निखळू शकतो, ते बघूया.

जोडणं म्हणजे नेमकं काय?

नुसता स्मार्ट कॅमेरा त्याच्या कंपनीच्या ॲपमध्ये दिसतो. होम ऑटोमेशनला जोडला की तो घरातल्या बाकी उपकरणांशी बोलू लागतो. रात्री अकरानंतर अंगणात माणूस दिसला की दिवा लागतो. बेल वाजली की टीव्हीवर दाराचं चित्र येतं. घरातले सगळे बाहेर पडले की कॅमेरा चालू होतो, कुणी परतलं की बंद होतो.

हा जोड साधारण तीन प्रकारे होतो.

पहिला प्रकार: क्लाउडमार्फत

बहुतेक लोक हाच वापरतात. कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, कंपनीचा सर्व्हर ॲमेझॉन किंवा गुगलच्या सर्व्हरशी बोलतो आणि तिथून हुकूम तुमच्या स्पीकरपर्यंत येतो. कॅमेरा आणि स्क्रीन एकाच खोलीत असले तरी मधल्या निरोपांची फेरी घराबाहेरून होऊन येते. त्यामुळेच इंटरनेट गेलं की हा जोड आंधळा होतो.

करायला मात्र हा प्रकार सगळ्यात सोपा. कॅमेरा आधी त्याच्या स्वतःच्या ॲपमध्ये नीट चालू करायचा. मग अलेक्साच्या ॲपमध्ये स्किल्स विभागात जाऊन कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्किल सुरू करायचं, कॅमेऱ्याच्या अकाउंटने लॉगिन करायचं आणि उपकरण शोधायला सांगायचं. गुगल होममध्ये अधिकच्या चिन्हावर जाऊन कंपनीचं नाव निवडायचं आणि तसंच लॉगिन करायचं. चित्र बघायला स्क्रीन लागते, हे लक्षात ठेवा. नुसत्या गोल स्पीकरला "कॅमेरा दाखव" म्हणून उपयोग नाही.

कॅमेऱ्याचं नाव सोपं ठेवा. भारतात अलेक्सा इंग्रजी आणि हिंदी बोलते. "मागचं परसदार कॅमेरा" तिला कळेलच असं नाही, "बॅकडोअर" कळेल.

दुसरा प्रकार: घरातल्या घरात

इथे व्हिडिओ घराबाहेर जात नाही. होम असिस्टंट नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी लोकप्रिय आहे. रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या पीसीवर ते चालतं. कॅमेरा आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ या पद्धती ओळखत असेल, तर होम असिस्टंट थेट घरच्या वाय-फायवरून त्याचं चित्र उचलतं.

ऑनव्हिफ म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून ठरवलेली सामाईक भाषा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी २००८ मध्ये हे काम सुरू केलं. पण प्रत्येक स्वस्त कॅमेऱ्यात ही सोय नसते. बॅटरीवर चालणाऱ्या अनेक कॅमेऱ्यांत तर नसतेच, कारण सतत चित्र पाठवलं तर बॅटरी टिकणार नाही. म्हणून विकत घेण्याआधी खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर हे दोन शब्द शोधा. नंतर शोधून उपयोग नाही.

या प्रकारात हमखास येणारी एक अडचण म्हणजे लाइट जाऊन आली की कॅमेरा "गायब" होतो. कारण राउटर पुन्हा सुरू झाल्यावर कॅमेऱ्याला नवा आयपी पत्ता देऊ शकतो आणि होम असिस्टंट मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतं. यावर उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या कॅमेऱ्यासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा.

तिसरा प्रकार: ॲपल आणि मॅटर

ॲपलने २०१९ मध्ये होमकिट सिक्युअर व्हिडिओ आणलं. यात माणूस आहे की मांजर, हे घरातलंच ॲपलचं उपकरण ओळखतं आणि रेकॉर्डिंग कुलूपबंद करून मगच आयक्लाउडवर पाठवतं. त्यासाठी ॲपल टीव्ही किंवा होमपॉड आणि आयक्लाउडचं पैसे भरून घेतलेलं सबस्क्रिप्शन लागतं. चालणारे कॅमेरेही निवडकच आहेत.

मॅटर हे ॲपल, गुगल, ॲमेझॉन अशा सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं मानक. २०२२ मध्ये ते आलं तेव्हा त्यात दिवे, प्लग, कुलपं होती, कॅमेरे नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीत कॅमेऱ्यांचा समावेश झाला. पण घरातला जुना कॅमेरा त्यामुळे आपोआप मॅटरवाला होत नाही. कंपनीने तशी सोय दिली तरच.

जोडण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, वाय-फाय. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर "कॅमेरा सापडत नाही" असा मेसेज येत राहतो आणि माणूस कॅमेऱ्यालाच शिव्या घालतो. २.४ वर जा, काम होतं.

दुसरी, डेटा. फुल एचडी व्हिडिओ साधारण २ एमबीपीएस वेगाने अखंड क्लाउडवर जात राहिला, तर एका दिवसात सुमारे २१ जीबी होतात, महिन्याला ६५० जीबीच्या आसपास. घरात फायबर असेल तर चालून जातं. गावाकडे सिमकार्डच्या राउटरवर कॅमेरा असेल तर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल. अशा ठिकाणी मेमरी कार्डवर रेकॉर्डिंग आणि हालचाल दिसली तरच क्लिप पाठवणं, ही सेटिंग बरी.

तिसरी, वीज. कॅमेरा इन्व्हर्टरवर आहे पण राउटर नाही, असं असंख्य घरांत असतं. अंधार पडतो, नेमकं तेव्हाच चित्र बंद. राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो, तो घेऊन टाका.

आता खरा प्रश्न: बघतंय कोण?

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर फिरत असल्याचं उघड झालं. रुग्णालयाचे सीसीटीव्ही हॅक झाले होते आणि व्हिडिओ चक्क विकले जात होते. तपासाचे धागे महाराष्ट्रापर्यंत आले आणि लातूर, सांगलीतूनही अटक झाली. जिथे कॅमेरा असायलाच नको तिथे तो होता आणि त्याचं दार नीट बंद नव्हतं, असा हा दुहेरी घोळ.

त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याची युक्ती साधी होती. कंपनीने दिलेले सुमारे ६० ठरावीक युजरनेम-पासवर्ड तो एकेक करून लावून बघायचा. लोकांनी ते बदललेलेच नव्हते. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच उपकरणांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येकांसाठी काही तास बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

धोका फक्त बाहेरच्या हॅकरचा असतो असंही नाही. ॲमेझॉनच्या रिंग कंपनीचे कर्मचारी ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघत होते, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटलं.

भारतात आणखी एक वाट आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. कॅमेरा बसवायला आलेला तंत्रज्ञ घाईत स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या ईमेलने अकाउंट काढतो आणि घरच्यांना नुसता शेअर करून जातो. कागदोपत्री कॅमेरा तुमचा, पण ॲपमध्ये मालक तो. पुढे अलेक्साला जोडलात तरी किल्ली त्याच्याच खिशात राहते.

मग करायचं काय?

- अकाउंट तुमच्याच ईमेलने, तुमच्याच मोबाईलवर काढा. तंत्रज्ञाने काढलं असेल तर कॅमेरा रीसेट करून पुन्हा जोडा. ॲपमधली शेअर केलेल्यांची यादी आज एकदा उघडून बघा.
- कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरलेला पासवर्ड इथे नको.
- दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. कॅमेऱ्याच्या अकाउंटवर आणि ॲमेझॉन किंवा गुगलच्या अकाउंटवरही. एक दार बंद करून दुसरं उघडं ठेवण्यात अर्थ नाही.
- बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडू नका. घरातल्या सिस्टीमसाठी व्हीपीएन वापरा.
- कॅमेऱ्याला शक्य असेल तर वेगळं गेस्ट वाय-फाय द्या. क्लाउडच्या जोडाला ते चालतं. होम असिस्टंटसारख्या घरगुती जोडाला मात्र गेस्ट नेटवर्कवरचा कॅमेरा बहुधा दिसणार नाही, तिथे राउटरमध्ये जास्त काम करावं लागेल.
- अपडेट टाळू नका. कॅमेरा विकताना किंवा कुणाला देताना तो ॲपमधून काढा, अलेक्सा-गुगलचा जोड तोडा आणि मेमरी कार्ड काढून घ्या.
- घरात माणसं असताना आतला कॅमेरा आपोआप बंद होईल असं ऑटोमेशन लावा. सगळ्यात कामाचं ऑटोमेशन हेच.

कॅमेरा नव्याने घेणार असाल तर एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची केली असून ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. दुकानदाराला त्याबद्दल बेधडक विचारा.

शेजाऱ्यांचं आणि घरातल्यांचं काय?

पर्सनल डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा एखाद्याने निव्वळ घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. याचा अर्थ काहीही टिपायला मोकळीक, असा नाही. एखाद्या व्यक्तीच्या खासगी अवयवांचं चित्रण तिच्या संमतीशिवाय केलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात फेब्रुवारी २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सांगितलं की, सोबत राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवणं हा त्यांच्या खासगीपणाचा भंग आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

त्यामुळे फ्लॅटच्या दारावरचा कॅमेरा समोरच्यांच्या उघड्या दारात डोकावत असेल तर त्याची दिशा बदला, किंवा ॲपमध्ये तेवढा भाग झाकायची सोय असेल तर ती वापरा. घरकामाला येणाऱ्या ताईंना कॅमेरा कुठे आहे ते सांगा. आणि गावी आई-वडिलांच्या खोलीत कॅमेरा बसवत असाल तर त्यांनाही विचारा. त्यांची काळजी म्हणूनच तो बसवला जातो हे खरं, पण साडी बदलताना, देवापुढे बसताना किंवा दुपारी आडवं होताना आपल्याला कुणीतरी बघतंय, ही भावना कुणालाच नको असते. त्यांच्या हातात कॅमेरा बंद करायचं एक बटण किंवा "कॅमेरा बंद" असा साधा हुकूम देणं होम ऑटोमेशनमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. जोड पूर्ण झाला की सगळ्यात आधी तेच करा.