चार किलोंचा हिशेब

रविवारची दुपार. वरण-भात-तूप पोटात, डोळे मिटायला आलेले, आणि बर्मिंगहॅमहून आतेभावाचा व्हिडिओ कॉल. "अरे, गिअरबॉक्स खाली उतरवलाय. क्लच गेला. उद्या सकाळी गॅरेजवाल्याला सांगायचंय की फ्लायव्हील कुठलं बसवायचं. तू मेकॅनिकलचा ना?"

होय, मी मेकॅनिकलचा. इथल्या एमआयटीएसमधून बीई केलं आणि त्यानंतरची सगळी वर्षं कोड लिहिण्यात गेली. पण दादाला नाही म्हणता येईना. त्याची गाडी म्हणजे मिनी कूपर एस, २००२ ते २००६ मधली पिढी : १.६ लिटरचं इंजिन आणि त्यावर पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर. सेकंडहँड घेतली, पण जीव त्याच्यात. आणि तीच गाडी वहिनी रात्रपाळीला हॉस्पिटलात जायला नेते. हे शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला, पण मला तेच महत्त्वाचं वाटलं.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसवलेली जड तबकडी. पिस्टनचे धक्के ती आपल्या वजनाने सपाट करते. जुन्या बुलेटची संथ धडधड आठवा. आत फिरणाऱ्या भक्कम चकत्यांची ती करामत. तबकडी हलकी केली की इंजिन चटकन आवाज चढवतं आणि चटकन उतरवतं. शर्यतीवाल्यांना हेच हवं असतं. दादाने ॲल्युमिनियमचं सगळ्यात हलकं फ्लायव्हील निवडून ठेवलं होतं. "पॉवर वाढेल!" म्हणे.

पॉवर एक अश्वशक्तीनेही वाढत नाही. मी वही काढली. समजा वजन ४ किलोंनी घटलं आणि ते वजन मध्यापासून सरासरी १० सेंटिमीटरवर आहे. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साधारण १२ फेरे होतात, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर. गिअरच्या गुणोत्तराचा वर्ग होतो, म्हणून गणित मजेशीर निघतं : पहिल्या गिअरमध्ये ते ४ किलो गाडीला ६४ किलोंसारखे भासतात, म्हणजे जणू एक माणूस गाडीतून उतरला. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे ७ धरले तर, सुमारे २२ किलो. आणि वरच्या गिअरमध्ये, ३ फेऱ्यांना, ४ किलोच. १२०० किलोंच्या गाडीत ६४ म्हणजे जेमतेम पाच टक्के, तेही गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल तितके सेकंदच. मोटरवेवर काहीच नाही.

आता दुसरी बाजू. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असताना त्या चार किलोंत साठलेली ऊर्जा भरते १४० ज्यूल. एवढ्यात ती गाडी सव्वा सेंटिमीटर उचलली जाईल. हसू येतं ना? पण चढावर क्लच सोडताना पहिले काही इंचच तर जिंकायचे असतात. किल्ल्यावर उरवाई गेटच्या बाजूने गाडी नेताना पुढचा पर्यटक अचानक थांबला की काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. मी विचारलं, "हॉस्पिटलच्या रस्त्याला चढ आहे?" दादा गप्प. मागून वहिनीचाच आवाज आला, "आहे. आणि वर सिग्नलपण आहे."

सुपरचार्जरमुळे आणखी एक गोष्ट होते. तो थेट इंजिनाला जोडलेला असतो आणि या गाडीत इंजिनाच्या सुमारे दुपटीने फिरतो. दुपटीने फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व इंजिनाला चौपट जाणवतं. फायदा असा की कमी वेगातही इंजिनाला दम असतो. तोटा असा की क्लच दाबला की तो इंजिनाला मागे ओढतो. वर फ्लायव्हील फार हलकं असेल तर आवाज धाडकन पडतो आणि गिअर पटकन नाही टाकला तर हिसका बसतो.

सुपरचार्जरचं नाव निघालं की माळव्याची आठवण काढायलाच हवी. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. आठ सिलिंडर एका रांगेत, जवळपास ६.९ लिटर, सुपरचार्जरसह कंपनीचा दावा ३२० अश्वशक्तींचा, आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. मला त्या गाडीत सगळ्यात आवडतो तो पारा. क्रँकशाफ्टची थरथर शोषून घ्यायला त्यावर पारा भरलेल्या छोट्या नळ्या बसवलेल्या असत. म्हणजे धक्के कुठे जिरवायचे हा प्रश्न तेव्हाही होताच.

दादाच्या मिनीत ते काम मूळचं फ्लायव्हील करतं. ते दोन तुकड्यांचं असतं, मध्ये स्प्रिंगा. त्याजागी एकसंध हलकी तबकडी आली की धक्के सरळ गिअरबॉक्समध्ये जातात आणि न्यूट्रलमध्ये खडखड सुरू होते. निदान क्लचप्लेट तरी स्प्रिंगांची घ्यावी लागते.

एक जरा रागाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने जुन्या गाडीचं बिडाचं फ्लायव्हील लेथवर तासून हलकं करायचं ठरवलं होतं. स्वस्तात मस्त! त्याला मी हिशेब दाखवला : १२ सेंटिमीटर त्रिज्येची कड ७००० फेऱ्यांना ताशी ३१५ किलोमीटरच्या पुढे पळत असते. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, बीड ठिसूळ, आणि फुटलं तर तुकडे पायांच्या दिशेने येतात. मुलगा हिरमुसला, त्याच्या आईने मात्र मला चहा पाजला.

तासाभराच्या वादानंतर दादाने ॲल्युमिनियम सोडलं. एकसंधच, पण पोलादाचं, मधल्या वजनाचं, शर्यतीसाठी तपासणी झालेलं फ्लायव्हील आणि स्प्रिंगांची क्लचप्लेट. मूळचंच परत बसवा असं माझं मत होतं, पण किंमत पाहून आणि त्याचा चेहरा पाहून मी फार ताणलं नाही. निर्णय वहिनीच्या होकारावर सोडला. तिने एकच अट घातली : पहिला आठवडा ती दिवसा चालवून पाहणार, मगच रात्रपाळी.

पहिल्या दोन दिवसांत गाडी तिच्या हातून चारदा बंद पडली, दादाच्या हातून सहादा. (आकडे वहिनीचे.) तिसऱ्या दिवशी चढावरचा सिग्नल तिने एका दमात काढला. दादाने मोठ्या अभिमानाने न्यूट्रलमधल्या इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी फोन स्पीकरवर लावला, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणाचा मिक्सर बिघडलाय रे?"