कौलावरचं १८६५ आणि बुडालेल्या जहाजाचं वय

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. आम्ही पोरं पोहायला शिकलो ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. त्यामुळे बुडालेल्या जहाजांवर पीएचडी करतोय म्हटलं की गावात प्रश्न ठरलेला: "आपल्याकडं जहाज कुठी हाय रे बाप्पा?"

जहाज नाही, पण जहाजातला माल आहे. जुन्या घरांवरची, शाळांवरची मंगलोरी कौलं आठवा. तसाच माल गोव्याजवळ समुद्राच्या तळाशी पडलेला आहे. सेंट जॉर्ज रीफ या उथळ खडकाळ भागात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी (सिला त्रिपाठी आणि सहकारी) बुड्या मारून भाजक्या मातीच्या वस्तू शोधल्या. छपराची कौलं, फरशा, धुराड्याच्या विटा, शिवाय कोरिंथियन धाटणीच्या खांबांची नक्षीदार शीर्षं. त्यांवर शिक्का होता: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५.

आता सांगा, जहाज कधी बुडालं?

माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी बिनधास्त स्लाइडवर लिहिलं होतं, '१८६५ सालचं जहाज'. मागच्या बाकावरून एका सीनियरने विचारलं, "हे साल कशाचं आहे?" मला उत्तर देता आलं नाही. पुढचं अख्खं प्रकरण त्या एका आकड्यावर उभं होतं, ते मोडून परत लिहावं लागलं.

१८६५ हे मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं साल. जॉर्ज प्लेब्स्ट या मिशनरीने तो उभा केला आणि नंतरच्या मालावरही तेच साल छापलं जात राहिलं. दुकानाच्या पाटीवर 'स्थापना १९५२' असतं म्हणून आतला साबण १९५२चा नसतो, तसंच. म्हणजे शिक्का एवढंच सांगतो की जहाज १८६५ च्या आधी बुडालेलं नाही. दुसरं टोक इतिहासातून मिळतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मिशनच्या नावाची कौलं साधारण त्याआधीची. पण हेही कौल घडल्याचं टोक झालं. जुना साठा नंतर जहाजावर चढू शकतो! थर्मोल्युमिनेसन्स तपासणीचंही तेच: माती शेवटची कधी तापली याचा अंदाज ती देते, बुडाली कधी ते नाही.

मग जहाजालाच का विचारू नये? कारण गोव्याच्या उबदार, खाऱ्या पाण्यात उघडं पडलेलं लाकूड जहाजकिडा पोखरून टाकतो. हा खरं तर किडा नाही, शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये बुडालं आणि १९६१ मध्ये जवळजवळ अख्खं वर आलं. त्याचं कारण थंडी असं सरसकट सांगतात. थंडीने कुजणं मंदावतं हे खरं, पण मोठं कारण म्हणजे तिथल्या बाल्टिक समुद्राचं पाणी इतकं कमी खारं आहे की तिथे हा प्राणी टिकत नाही. आपल्याकडे जहाज जातं, माल राहतो.

उथळ म्हणजे सोपं, हाही गैरसमज माझाच होता. उथळ पाण्यात सिलिंडरमधली हवा जास्त वेळ पुरते, पण लाटांचा हेलकावा तळापर्यंत पोचतो. मोजपट्टी धरावी तर आपणच दोन हात पलीकडे. पावसाळ्यात तर काम बंदच. दाबाचंही ऐका: १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ५ मीटरवर दीडपट. तिथे सिलिंडरमधून श्वास भरून तो रोखून वर आलात तर छातीतली हवा दीडपट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला धडा, श्वास चालू ठेवा.

वस्तू दिसली की उचलायची नसते. आधी जागेवर फोटो, आधाररेषेपासून मापं, प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने नोंद. वर आणलेलं कौल तसंच उन्हात वाळवलं तर आतल्या मिठाचे स्फटिक होऊन पापुद्रे सुटतात, म्हणून गोड्या पाण्यात, पाणी बदलत, मीठ निघेपर्यंत ठेवतात.

माझ्या स्लाइडवर आता लिहिलंय: '१८६५ नंतर'. ही तारीख आणखी आवळायची तर मंगळूरहून निघालेल्या मालाच्या बंदरातल्या नोंदी चाळायला हव्यात, सध्या तेच चालू आहे. दिवाळीत गावी गेलात तर छपरावरच्या एखाद्या फुटक्या कौलाची मागची बाजू बघा, शिक्का वाचा आणि ते साल नेमकं कशाचं असेल ते ठरवून बघा.