पोरीला पाचवीला कुठं घालायचं?

"ताई, पोरीला पाचवीला कुठं घालू वो?"

मे महिन्यातली दुपार होती. उसाची खुरपणी उरकून घरी निघालेली वस्तीवरची एक बाई आमच्या ओट्यावर टेकली. पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून लेकीचं चौथीचं प्रगतिपुस्तक काढून माझ्या हातात दिलं. घरात तीन तोंडं, तीन मतं. नवरा म्हणतो, जवळच्या झेडपीच्या शाळेतच राहू दे. दीर म्हणतात, लांबच्या मोठ्या शाळेत घाला, दारात गाडी येते. आणि सासूबाईंचं म्हणणं, "सातवी झाली की बास. पुढं काय कलेक्टर व्हायचंय का?"

मी पटकन एका शाळेचं नाव सांगणार होते, पण जीभ चावली. कारण माझ्या मुलाच्या वेळी मीही असंच केलं होतं. टाय, बूट आणि दारात येणारी पिवळी गाडी बघून भुलले. वर्गात कधी डोकावले नाही. सहावीत गेल्यावर कळलं, पोरगं धडेच्या धडे घडाघडा म्हणतंय, पण अर्थ विचारला की गप्प. दोष शाळेचा होताच, पण न बघता निवडणारी मीच होते ना!

म्हणून तिला म्हटलं, "अगं, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात दोघी जाऊ. डोळ्यांनी बघू, मग ठरवू."

आमचं कोऱ्हाळे बुद्रुक नीरा-बारामती रस्त्यावरचं. सगळा उसाचा पट्टा. माणसं गावठाणापेक्षा वाड्या-वस्त्यांवर जास्त. वस्तीवरची झेडपीची शाळा बहुतेक चौथीपर्यंत, एखादी सातवीपर्यंत. पाचवी ते दहावी म्हणजे संस्थेचं अनुदानित हायस्कूल. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. त्यामुळे काही ठिकाणी चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडली गेली. आईबापांचा गोंधळ होतो तो इथंच.

आम्ही तीन शाळा पाहिल्या. नावं सांगत नाही. पाट्या वाचून शाळा निवडू नका, हेच तर मला सांगायचंय.

पहिली झेडपीची, सातवीपर्यंतची. अगदी जवळ. गुरुजींना प्रत्येक पोराचं नाव पाठ. इतकंच काय, कुणाच्या घरी म्हैस व्यायलीय तेही ठाऊक! पण एकाच बाई दोन वर्ग सांभाळत होत्या आणि गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलपात. दुसरं हायस्कूल. विषयाला वेगळे शिक्षक, प्रयोगशाळा, मोठं मैदान. वर्ग मात्र खच्चून भरलेले, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप. किल्ली ऑफिसात! तेरा वर्षांची पोरगी किल्ली मागायला पुरुषांनी भरलेल्या ऑफिसात जाईल का हो? 'त्या' चार दिवसांत ती घरीच बसणार. तिसरी शाळा लांबची. भिंतभर गुणवंतांचे फोटो. पण सकाळी लवकर निघालेलं पोर परत यायला दिवेलागण. गाडीचा खर्च वेगळाच.

मैत्रिणींनो, शाळा बघायला जाल तेव्हा काय बघाल? कायदा आपल्याला पुष्कळ सांगतो. सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा. वर्षाला २२० दिवस शाळा भरायला हवी. मुलगे-मुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, प्यायचं पाणी हवं. आठवीपर्यंत दुपारचा आहार आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि सहावीपासून १५० ग्रॅम. जेवणाच्या सुट्टीतच जा, म्हणजे खिचडी पातळ आहे का दाट ते दिसेल.

आणि एक माझं स्वतःचं माप सांगते. चार मुलांच्या वह्या उघडून बघा. सगळ्यांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी असतील, तर फळ्यावरून उतरवून घेणं चाललंय असं समजा. चुका असतील, त्या लाल शाईनं दुरुस्त केल्या असतील, तर शिकवणं चाललंय.

आठवीतल्या एनएमएमएस परीक्षेला किती मुलं बसवतात तेही विचारा. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल त्यात निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. पदरमोड करून विनाअनुदानित शाळेत घातलेलं पोर त्याला मुकतं, हे कितीजणींना माहीत असतं?

झेडपीची म्हणून नाक मुरडू नका. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळाला. शिक्षक आणि गाव एक झालं की काय होतं, ते त्या शाळेनं दाखवलं.

मग आम्ही काय ठरवलं? हायस्कूल. कारण मोठी इमारत नव्हे. इतकी वर्षं वस्त्यांवर फिरून मला एक कळलंय. मुलीची शाळा सुटते ती बहुतेक वेळा शाळा बदलताना. सातवीची शाळा संपली की सासूबाईंचं 'आता बास' खरं व्हायला वेळ लागत नाही. दहावीपर्यंत एकच दार असलं, तर तो प्रश्न मधेच कुणी काढत नाही. शिवाय अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत फी नाही, आणि गावाकडच्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. हे सासूबाईंना सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग जाऊ द्या, पैसं तर जात न्हाईत."

राहिलं ते कुलूप. आम्ही सहा आया मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. भांडलो नाही. एवढंच विचारलं, "सर, तुमची लेक असती तर?" सर क्षणभर गप्प झाले. दुसऱ्या सोमवारी कुलूप निघालं, आत बादली आणि साबण आला.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका असल्या पाहिजेत, हे कायद्यातच आहे. आपण मात्र बोलावणं आलं की सही करतो, चहा पितो आणि घरी येतो. ते आता पुरे. परिपूर्ण शाळा कुठंच मिळत नाही बायांनो. जी जवळ आहे तिच्यात आपण जायचं, विचारायचं, परत परत जायचं.

ती बाई हल्ली दर महिन्याला शाळेत जाते. स्वतः दुसरी शिकलेली. परवा सांगत होती, "ताई, मला वाचता येत न्हाई, पर वहीतली लाल शाई मोजता येती की!"