पायाला मानवणारे, खिशाला परवडणारे : पुरुषांच्या बुटांची पारख

महाग बूट म्हणजे आरामदायी बूट, ही समजूत बाजारात इतकी रुजलेली आहे की मोजक्या पैशांत खरेदी करणारा ग्राहक बहुधा आरामाची अपेक्षाच सोडून देतो आणि मिळेल त्या जोडाशी जुळवून घेतो. वास्तविक दिवसाचे आठ-दहा तास उभ्याने किंवा चालत काढणारे सुरक्षारक्षक, दुकानांतील विक्रेते, बसवाहक, शिक्षक आणि घरपोच माल पोहोचवणारे तरुण यांना चांगल्या पादत्राणांची गरज सर्वाधिक असते, आणि त्यांतील बहुतेकांच्या हाती त्यासाठी सर्वांत कमी रक्कम असते. म्हणूनच कमी किमतीत चांगला जोड कसा ओळखावा हा प्रश्न काटकसरीइतकाच आरोग्याचाही आहे.

किंमत आणि आराम यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, तीन उत्पादकांचे आणि 40 ते 75 पौंडांदरम्यानच्या तीन किंमतगटांतले धावण्याचे बूट पुरुषांना घालायला देऊन तळपायावर येणारा दाब मोजला, तेव्हा स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बुटांनी महागड्या बुटांइतकाच दाब झेलल्याचे दिसले आणि घालणाऱ्यांना जाणवलेल्या आरामाचाही किमतीशी संबंध आढळला नाही. हा निष्कर्ष धावण्याच्या बुटांपुरता असला, तरी त्यातून हाती येणारे सूत्र सर्वच बुटांच्या खरेदीत उपयोगी पडते : किंमत वाढते तसे साहित्य, सफाई आणि जाहिरात यांवरचा खर्च वाढतो, पण आराम मुख्यतः पायाचा आकार आणि बुटाचा आकार यांच्या मेळावर अवलंबून राहतो.

हा आकार ठरतो तो फर्म्यावरून. फर्मा म्हणजे पायाच्या घडणीचा लाकडी किंवा प्लास्टिकचा साचा, ज्यावर बुटाचा वरचा भाग ताणून बसवला जातो. प्रत्येक उत्पादकाचा फर्मा वेगळा असल्याने एका कंपनीचा आठ नंबर सैल आणि दुसरीचा घट्ट होऊ शकतो. भारतात प्रचलित असलेल्या ब्रिटिश पद्धतीत दोन लगतच्या नंबरांत एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरचे अंतर असते, तर युरोपीय पद्धतीत ते पावणेसात मिलिमीटरच्या आसपास असते. परंतु दोन्ही नंबर मुख्यतः लांबी सांगतात आणि रुंदीबाबत ग्राहकाला अंधारात ठेवतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने 2021-22 मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय तुलनेने रुंद असल्याचे दिसून आले आणि त्यावरून ‘भा’ या नावाची स्वतंत्र भारतीय मापनपद्धती सुचवण्यात आली. रुंद चवड्याचा ग्राहक अरुंद बुटात पाय मावत नाही म्हणून एक नंबर मोठा घेतो. त्यामुळे चवड्याला जागा मिळते, पण टाच आत घसरू लागते आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे न वाकता पुढे वाकतो, आणि मग फोड, घट्टे व पायदुखी यांचा दोष मात्र बुटाच्या स्वस्तपणावर जातो.

योग्य माप घ्यायला पैसे लागत नाहीत. दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, नेहमीचे मोजे घालून आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्यानेच घ्यावे. कागदावर पाय ठेवून पेन्सिल अगदी उभी धरून कड आखावी, मग टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मोजावी. दोन्ही पाय बहुधा सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाचे माप प्रमाण मानावे. हा कागद कापून दुकानात न्यावा आणि बुटाच्या आतला सुटा तळवा काढून त्यावर ठेवावा. कागदाची कड दोन्ही बाजूंनी तळव्याबाहेर येत असेल, तर तो बूट नंबर कितीही मोठा असला तरी अरुंदच आहे असे समजावे. बूट घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी, टाच उचलली जाऊ नये आणि अंगठ्याच्या बुडाचा सांधा बुटाच्या सर्वांत रुंद भागाशी यावा. ‘वापरून सैल होईल’ हे आश्वासन कातड्याबाबत थोडेफार खरे ठरते, पण रेग्झिनच्या बुटाबाबत त्यावर विसंबू नये.

मापानंतर महत्त्वाचा तो तळ, कारण जोडाचे आयुष्य बहुधा तिथेच संपते. ईव्हीए हा फेसासारखा पदार्थ अतिशय हलका आणि मऊ असतो, मात्र रोजच्या वजनाने तो हळूहळू दबतो व उसळी गमावतो. पीव्हीसीचा तळ स्वस्त, पण जड असतो आणि थंडीत कडक होतो. रबर जड असले तरी झिजेला आणि ओल्या फरशीवर घसरण्याला चांगला अटकाव करते. म्हणून आत ईव्हीए आणि जमिनीला टेकणारा थर रबराचा, ही रचना रोजच्या चालण्यासाठी लाभदायक ठरते. पॉलियुरेथेन, म्हणजे बाजारातला ‘पीयू सोल’, हलका आणि टिकाऊ असतो, पण हवेतील ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात. या क्रियेला जलविघटन म्हणतात. त्यामुळेच कोकणासारख्या दमट हवेत वर्षानुवर्षे खोक्यात ठेवलेला, एकदाही न वापरलेला बूट पहिल्याच दिवशी तळाचा भुगा होऊन निकामी होऊ शकतो. सवलतीत विकला जाणारा जुना माल घेताना खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहावे आणि पीयू सोलचा अनेक वर्षे पडून राहिलेला जोड कितीही स्वस्त असला तरी टाळावा.

तळ आणि वरचा भाग यांची जोडणीही हाताने तपासता येते. बहुतेक परवडणारे बूट डिंकाने चिकटवलेले असतात किंवा वितळलेला तळ थेट वरच्या भागावर ओतून केलेले असतात; या पद्धती मुळात वाईट नाहीत, फक्त कडेने फट, डिंकाचे ओघळ किंवा सुटलेला कोपरा असता कामा नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली गुडइयर वेल्ट ही पद्धत, जिच्यात कातड्याची पट्टी शिवून तिला तळ जोडला जातो, बुटाला अनेकदा नवा तळ लावण्याची सोय देते, पण तिची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाते. टाच आणि टोक हातांत धरून दाबल्यास बूट चवड्यापाशी वाकावा. तो मधोमध दुमडत असेल किंवा पिळता येत असेल, तर त्याचा कणाच कमकुवत आहे. टाचेमागचा भाग चिमटीत दाबल्यावर घट्ट लागला पाहिजे.

वरच्या भागात अस्सल कातडे आणि रेग्झिन यांतील फरक किमतीत मोठा असतो. कातडे हवा खेळू देते आणि सुरकुतले तरी टिकते, उलट रेग्झिनचा वरचा थर वाकण्याच्या जागी सोलवटतो. निर्यातीसाठी बनलेल्या अनेक बुटांच्या आत चिन्हे छापलेली असतात : पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे अस्सल कातडे, त्याच आकृतीत चौकोनी हिरा म्हणजे लेप दिलेले कातडे, विणलेली जाळी म्हणजे कापड आणि नुसता हिरा म्हणजे इतर कृत्रिम साहित्य. भारतात अनेक प्रकारच्या पादत्राणांना 1 ऑगस्ट 2024 पासून भारतीय मानकांची सक्ती लागू झाली असून त्यांवर आयएसआय चिन्ह असते. लहान उत्पादकांना मात्र त्यातून सवलत आहे, त्यामुळे चिन्ह नसलेला प्रत्येक जोड निकृष्टच असतो असे मानता येत नाही. मुंबईची ठक्कर बाप्पा कॉलनी किंवा आग्र्याची हिंग की मंडी येथील छोट्या कारखान्यांतून निघणारा नावाविना माल म्हणूनच वरील कसोट्या लावून घेणे शहाणपणाचे आहे.

खर्चाचा हिशेब करताना कराची पायरीही लक्षात घ्यावी. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडावर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के जीएसटी आहे; म्हणजे 2500 रुपये मूल्याचा जोड करासह 2625 रुपयांना, तर 2600 रुपये मूल्याचा जोड 3068 रुपयांना पडतो, आणि अवघ्या शंभर रुपयांच्या फरकासाठी ग्राहकाला 443 रुपये जादा मोजावे लागतात. त्याचबरोबर किमतीची तुलना वापराच्या दिवसांशी करावी : समजा 900 रुपयांचा जोड 150 दिवस टिकला, तर रोजचा खर्च सहा रुपये येतो, आणि 2400 रुपयांचा जोड 600 दिवस टिकला, तर तोच चार रुपयांवर येतो. घामाने ओलावलेला बूट एका रात्रीत पुरता वाळत नाही, म्हणून शक्य असल्यास दोन साधे जोड आलटून पालटून वापरावेत, पावसात भिजल्यास आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत आणि टाच एका बाजूने झिजू लागताच मोचीकडून पट्टी लावून घ्यावी.

वैयक्तिक ग्राहक एवढी दक्षता घेऊ शकतो; पण सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि वाहतूक कर्मचारी यांना गणवेशासोबत बूट देणाऱ्या संस्था ठोक खरेदीत केवळ नंबर विचारून थांबतात, तेव्हा निवडीचा हक्कच कामगाराच्या हातून जातो. अशा संस्थांनी पायांची लांबी आणि रुंदी दोन्ही नोंदवून घेतली आणि निविदेत रुंद फर्म्याची अट घातली, तर त्याच पैशांत अनेकांचे पाय दिवसभर दुखायचे थांबतील.