पैसे खर्चून झाल्यावर

संसदेच्या लोकलेखा समितीपुढे साक्षीला मंत्री येत नाहीत, खात्याचे सचिव येतात. सोबत सहसचिव, वित्त सल्लागार आणि फायलींचे गठ्ठे. समोर खासदार, अध्यक्षांच्या मदतीला महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. प्रश्नावली आधीच गेलेली असते, लेखी उत्तरंही आलेली असतात. खरी गंमत उपप्रश्नांत. निविदा एकच आली होती, तर फेरनिविदा का काढली नाही? सचिव मागे वळून पाहतात, मागून चिठ्ठी येते. पुष्कळदा तो खर्च झाला तेव्हा हे सचिव त्या खात्यात नव्हतेही.

ही समिती १९२१ पासूनची. आज तिच्यात लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात, मुदत एक वर्षाची. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा पडला.

बैठक बंद दाराआड होते. मला ते खटकत नाही. कॅमेरा नसला की सत्ताधारी खासदारही आपल्याच सरकारच्या सचिवाला धारेवर धरतो. अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येत नाही, त्यामुळे एकमेकांना सांभाळून घेत एकमतानेच लिहावं लागतं. समितीचा दरारा आहे तो या एकमताचा. शिक्षा करण्याचा अधिकार तिला नाही. धोरण बरोबर की चूक, हेही तिने विचारायचं नसतं. शिफारस करायची, आणि सरकारने काय केलं ते सहा महिन्यांत कळवायचं.

सरकारने मनावर घेतलं नाही तर? स्वातंत्र्यानंतर लगेच लष्करासाठी परदेशातून जीप घेतल्या गेल्या, त्या व्यवहारावर समितीने ताशेरे ओढले. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण संपल्याचं जाहीर केलं. विषय मिटला.

२०११ मध्ये तर एकमतच मोडलं. टू-जी स्पेक्ट्रमवरचा मसुदा बैठकीआधीच फुटला. अध्यक्ष मुरली मनोहर जोशी बैठक तहकूब करून निघून गेले, तेव्हा उरलेल्या ११ सदस्यांनी सैफुद्दीन सोझ यांना अध्यक्ष निवडून तो मसुदा फेटाळला. जोशींनी अहवाल तरीही लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला. त्यांनी तो परत केला. दार बंद होतं, पण पक्ष आत येऊन बसले होते.

आपल्या विधिमंडळातही लोकलेखा समिती आहे. जिल्हा परिषदेत मात्र धडकी भरते ती त्याच विधिमंडळाच्या पंचायतराज समितीच्या दौऱ्याची. आमदार दारात येऊन रजिस्टर मागतात म्हटल्यावर रात्रभर कार्यालयाचे दिवे चालू राहतात!

लोकलेखा समितीचं काम म्हणजे वरातीमागून घोडं, असा टोमणा जुना आहे आणि तो खोटाही नाही. कॅगचा अहवाल सभागृहात मांडला गेल्यावरच ती बहुतेक विषय हाती घेते. त्यातही वर्षाला मोजकेच आक्षेप तोंडी साक्षीपर्यंत पोहोचतात. बाकीच्यांवर खात्याने लेखी खुलासा द्यायचा असतो.