लेन्सवर ओरखडा? कॅमेरा भंगारात देऊ नका!
आष्टी-कडा भागात कुणाच्या माळ्यावर याशिका मॅट-१२४ जी हा दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा असेल, तर आधी ओरखडा कुठल्या काचेवर आहे ते पाहा. वरची लेन्स फक्त बघण्यासाठी; तिच्यावरचा ओरखडा फिल्मवर उमटतच नाही. खालच्या ८० मिमी लेन्सच्या पुढच्या काचेवर बारीक रेघ असली तरी फोटो छान येतो. आपल्याकडच्या कडक उन्हात प्रकाश समोरून आला, की मात्र तो रेघेवर विखुरतो आणि फोटो फिकट पडतो. हूड लावा, सूर्य पाठीशी ठेवा. रेघ खोल असेल तर तीत काळी शाई भरा, विखुरणं बरंच कमी होतं. मागच्या काचेवरचा ओरखडा खरा त्रासदायक. आणि कृपा करून टूथपेस्टने घासू नका! कोटिंग जातं, काचेचा आकारही बिघडतो. धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच मऊ कापड लावा.